बोर्ड स्वस्त की डेस्कटॉप? बास्केट भरली आणि आकडा बघून थांबलो

तारायंत्र:
मंडळी, घरात दोन कामं आहेत. एक म्हणजे दिवसरात्र चालू राहील असं काहीतरी हवंय. सगळ्यांच्या फोनमधले फोटो त्यावर आपोआप कॉपी व्हावेत, जाहिराती अडवणारं पाय-होल चालावं आणि जमलंच तर साठवलेले व्हिडिओ टीव्हीवर बघता यावेत. दुसरं, मुलगी आठवीत आहे, तिचं स्क्रॅच (ठोकळे जोडून प्रोग्रॅम करायचं) करून झालंय आणि आता पायथन शिकायचंय, शिवाय ब्राउझर, टायपिंग, शाळेचे प्रोजेक्ट वगैरे. मॉनिटर, कीबोर्ड, माऊस घरात पडून आहेत.

इतकी वर्षं ऐकत आलोय की एवढ्यासाठी पीसी कशाला, रास्पबेरी पाय घे, एकाच बोर्डावरचा छोटा कॉम्प्युटर, खिशात मावतो आणि स्वस्तही. म्हणून पाय ५ चा ८ जीबीवाला बोर्ड बास्केटमध्ये टाकला आणि मग खाली यादी सुरू झाली, २७ वॉटचा अडॅप्टर, पंखा-हीटसिंक, डबी, मेमरी कार्ड, मायक्रो एचडीएमआयची वेगळी वायर कारण घरातल्या वायरी त्याला बसत नाहीत, कार्डावर भरवसा नको म्हणून एनव्हीएमई एसएसडी (वेगवान डिस्क), ती लावायला वेगळी हॅट (बोर्डावर बसणारी जोडपट्टी), वीज गेल्यावर घड्याळ चालू राहावं म्हणून इवलीशी बॅटरी. टोटल बोर्डाच्या दुपटीला जाऊन टेकली. आणि तिथेच शेजारी इंटेलच्या एन१०० प्रोसेसरवाला मिनी पीसी दिसतोय, रॅम, एसएसडी, अडॅप्टर, डबी सगळं धरून साधारण तेवढ्यालाच. सेकंडहँड ऑफिसवाले छोटे डेस्कटॉप तर त्याच्याही खाली.

मग हे बोर्ड स्वस्त असतात ते नक्की कुणासाठी? "गरजेवर अवलंबून आहे" असं कृपया लिहू नये, गरज वर लिहिली आहे :)

दोन_शून्य:
रुमाल टाकून ठेवतो. हाच प्रश्न मनात होता.

अर्धा_बिट:
चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. धागा बंद करा.

खटपट्या:
लोकांच्या डोक्यातून ते "३५ डॉलर" काही जात नाही हा खरा घोळ आहे. २९ फेब्रुवारी २०१२ ला पहिला मॉडेल बी विकायला आला तो ३५ डॉलरला, २५६ एमबी रॅम आणि ७०० मेगाहर्ट्झचा एकच कोअर. डेस्कटॉप म्हणून वापरायला गेलं की क्लिक करून वाट बघत बसायचं, पण त्या किमतीत लिनक्स चालवणारं दुसरं होतं काय? त्याआधीचा असाच एक बोर्ड, २००८ चा बीगलबोर्ड, १४९ डॉलरला होता. म्हणजे तेव्हाची स्वस्ताई खरीच होती.

पुढे पाय ३ पर्यंत ३५ चा आकडा टिकला. २०१९ च्या पाय ४ पासून रॅमप्रमाणे वेगवेगळ्या किमती सुरू झाल्या, १ जीबी ३५ ला आणि ४ जीबी ५५ ला. २०२३ ला पाय ५ आला तो ४ जीबी ६० आणि ८ जीबी ८०, मग जानेवारी २०२५ ला १६ जीबी १२० ला. त्याच वर्षी रॅमचे भाव भडकले आणि डिसेंबरमध्ये ८ जीबीचा ९५ झाला, १६ जीबीचा १४५. हे सगळे नुसत्या बोर्डाचे आकडे, टॅक्स आणि पाठवणावळ वेगळी. आणि रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली, घरात जुनी पट्टी पडली असेल तरी उपयोग शून्य. उद्या कमी पडली तर बोर्डच बदला.

२०२१ ते २०२३ च्या चिपच्या टंचाईत तर छापील किमतीला बोर्ड मिळतच नव्हते, दुप्पट भावाने विकणारे बसलेले होते. मला वाटतं तेव्हाच खूप जण जुन्या ऑफिस पीसीकडे वळले आणि परत आलेच नाहीत.

हळुबाई:
@खटपट्या रॅम महागली तर मिनी पीसीही महागणार ना? नुसतं बोर्डालाच का झोडपायचं?

खटपट्या:
नवा मिनी पीसी महागणारच, बरोबर. पण पाच वर्षं वापरून झालेल्या डेस्कटॉपमध्ये ८ जीबी आधीच बसलेली असते, ती जुन्या भावात विकत घेतलेली. म्हणून आत्ता सेकंडहँडचं पारडं जास्त जड आहे. अर्थात विकणाऱ्यांनाही हे कळायला लागलंय.

वायरमन:
किंमत किंमत काय करताय, वीज धरा आधी. दिवसरात्र चालणाऱ्या वस्तूचा सोपा हिशोब आहे, १ वॉट वर्षभर सतत चालला की ८.७६ युनिट होतात. आपापला युनिटचा दर गुणा आणि उत्तर काढा.

पाय ५ काही काम नसताना साधारण ३ ते ४ वॉट खातो, पूर्ण लोडवर १२ च्या आसपास. एन१०० चा मिनी पीसी रिकामा बसला की ६ ते १०, कोणता बोर्ड, किती रॅम, कुठली एसएसडी यावर. ऑफिसवाला एक लिटर आकाराचा छोटा डेस्कटॉप १० ते १५. आणि जुना मोठा टॉवर, ग्राफिक्स कार्ड नसलेलासुद्धा, ३५ ते ६०.

आता पाय आणि एन१०० मधला फरक ५ वॉट धरा, वर्षाला ४४ युनिट. पाय आणि टॉवरमधला ४० वॉट धरा, वर्षाला ३५० युनिट. म्हणजे फुकट मिळालेला टॉवर २४ तास चालू ठेवणं हा सगळ्यात महाग पर्याय ठरू शकतो. मधल्या दोघांत मात्र विजेच्या जोरावर बोर्डाने किमतीतला फरक भरून काढायला वर्षं जातील.

आणि बॉक्सवर "६ वॉट" वाचून भुलू नका, तो प्रोसेसरचा आकडा आहे, भिंतीतून किती खेचतो त्याचा नाही.

भंगारवाला_नाही:
वायरमन यांच्याशी सहमत, एक भर घालतो. फोटो साठवायला ३.५ इंची हार्ड डिस्क लावणार असाल तर ती एकटीच फिरत असताना ४ ते ६ वॉट घेते. दोन लावल्या की बोर्ड ३ खातो की ८ हा वाद जवळजवळ संपतो. २४ तास चालू असलं म्हणून बोर्डच घ्या असं सांगणाऱ्यांच्या हिशोबात डिस्क कधीच नसते.

प्लगमध्ये लावायचा वॉटमीटर मिळतो, तो एकदा घ्या. इंटरनेटवरच्या आकड्यांपेक्षा घरातला आकडा बरा, आणि फ्रिज किती खातो तेही कळतं.

फळा_आणि_खडू:
मी शाळेत कॉम्प्युटर शिकवते, म्हणून दुसऱ्या प्रश्नावर बोलते. मुलांसाठी बोर्डाचा फायदा पैशात मोजता येत नाही असं नाही, येतो. प्रत्येक मुलाचं कार्ड वेगळं ठेवता येतं. एका पोराने सिस्टीमची वाट लावली तर कार्ड परत लिहायचं, दहा मिनिटांत कोरं. पीसीवर मुलाला अ‍ॅडमिन पासवर्ड द्यायला आईबाप घाबरतात, बोर्डावर बिनधास्त देतात, आणि मोडतोड केल्याशिवाय कुणी शिकत नाही. शिवाय दिवे-सेन्सर जोडायला ४० पिनांची रांग. एलईडी लुकलुकला की पोरांचे चेहरे बघा, लूप म्हणजे काय ते परत समजवावं लागत नाही. मुळात हा बोर्ड काढलाच होता त्यासाठी, केंब्रिजला कॉम्प्युटर सायन्सला येणाऱ्या मुलांना आधीसारखा प्रोग्रॅमिंगचा हात नसायचा म्हणून. मॉडेल ए, मॉडेल बी ही नावंसुद्धा बीबीसी मायक्रो या जुन्या ब्रिटिश कॉम्प्युटरवरून घेतलेली.

फक्त पिना ३.३ व्होल्टच्या आहेत, ५ व्होल्टचा सेन्सर थेट जोडला की बोर्ड जाऊ शकतो. हे पहिल्या तासाला सांगते आणि दुसऱ्या तासाला परत सांगते.

कर्नल_पॅनिक:
@फळा_आणि_खडू ताई, आदर ठेवून असहमत. पिनांसाठी अख्खा पाय ५ कशाला? पाय पिको हा इवला मायक्रोकंट्रोलर बोर्ड (एकच प्रोग्रॅम चालवणारी चिप) २०२१ ला ४ डॉलरला आला. कुठल्याही पीसीला यूएसबीने जोडायचा, मायक्रोपायथन (त्याच्यासाठीचं छोटं पायथन) टाकायचं, एलईडी लुकलुकतो. चुकून ५ व्होल्ट दिले तर ४ डॉलर गेले, अख्खा पाय ५ नाही. ईएसपी३२ हा तसलाच दुसरा बोर्ड घेतलात तर वायफायही आलं. उलट मोटर चालवणं, सेन्सरची अचूक वेळ पाळणं ही कामं मायक्रोकंट्रोलरलाच नीट जमतात, लिनक्स मध्येच दुसरीकडे लक्ष देतो.

कार्ड बदलून कोरं करण्याचा मुद्दा मात्र मान्य. तरी पीसीवरही पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवता येतो.

फळा_आणि_खडू:
वर्गात वीस पीसी आणि वीस पिको असतील तर तुमचं बरोबर. माझ्याकडे वीस पीसी नाहीत हीच तर अडचण आहे हो. आणि पेनड्राइव्हवर चालणारा लिनक्स किती संथ असतो ते एकदा वीस-तीस मुलं रांगेत उभी असताना बघा.

कर्नल_पॅनिक:
हे पटलं.

अर्धा_बिट:
खरा सर्व्हे घ्या. इथे किती जणांच्या ड्रॉवरमध्ये न वापरलेला बोर्ड आहे? हात वर.

हळुबाई:
✋ पाय ३. "स्मार्ट आरसा" करणार होते.

दोन_शून्य:
✋ दोन आहेत. एकाने हवामान केंद्र व्हायचं होतं, दुसऱ्याने जुने गेम चालवायचे होते. दोघेही बेरोजगार.

खटपट्या:
✋ आकडा सांगत नाही, बायको पण इथे वाचते.

वायरमन:
न वापरलेला बोर्ड शून्य वॉट खातो. माझ्या मते सगळ्यात कार्यक्षम मॉडेल.

भंगारवाला_नाही:
धागाकर्त्यांच्या कामाकडे येतो. सेकंडहँड छोटे डेस्कटॉप म्हणजे डेलचे ऑप्टिप्लेक्स मायक्रो, लेनोवोचे थिंकसेंटर टायनी, एचपीचे एलिटडेस्क मिनी, ही तीन घराणी शोधा. कंपन्या ठरावीक वर्षांनी लॉटच्या लॉट बदलतात, त्यामुळे बाजारात कायम येत राहतात. आत्ता अजून एक कारण आहे. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा पुढचं आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते. त्यामुळे सहाव्या-सातव्या पिढीच्या ठणठणीत मशिनी निव्वळ या नियमामुळे बाहेर फेकल्या गेल्या. तुम्हाला लिनक्सच टाकायचा असेल तर तुमचा फायदा. विंडोज हवंच असेल तर आठव्या पिढीच्या खाली बघू नका, आय५-८५००टी वाला मिळाला तर सहा कोअर येतात आणि मुलीला कॉलेजपर्यंत पुरेल.

घेताना काय बघायचं? अडॅप्टर सोबत आहे का, कारण या कंपन्यांच्या पिना आपापल्या असतात आणि भलता अडॅप्टर लावला की काही मशिनी ओरडतात किंवा मुद्दाम हळू चालतात. बायोसला (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगला) जुन्या ऑफिसचा पासवर्ड राहिलेला नाही ना, हा राहिला तर डोकेदुखी. एसएसडीची तब्येत स्मार्ट (डिस्क स्वतः ठेवते ती नोंद) रिपोर्टमध्ये बघा, नाहीतर जुनी आहे असं धरून भाव पाडा. पंखा घरघरतो का. आणि घरी आणल्यावर थर्मल पेस्ट बदला, त्याला फार पैसे लागत नाहीत, आवाज निम्म्यावर येतो.

अजून एक पर्याय कुणी बोलत नाही, जुने थिन क्लायंट, म्हणजे ऑफिसात सर्व्हरला जोडायचे छोटे कॉम्प्युटर. डेलचा वायझ ५०७० घ्या, पंखाच नाही त्यात, सेलेरॉन जे४१०५ किंवा पेंटियम जे५००५, वीजही बोर्डाच्या जवळपास जाते. पाय-होल आणि फोटो कॉपी करायला पुरून उरेल.

हळुबाई:
सेकंडहँडला वॉरंटी काय? बोर्ड निदान नवा तरी येतो.

भंगारवाला_नाही:
रिफर्बिश्ड म्हणून विकणाऱ्यांकडे थोडीफार मिळते, सुट्या विकणाऱ्याकडे नाही. पण ऑफिसच्या मशीनमध्ये बिघडतं काय? पंखा, एसएसडी, अडॅप्टर. तिन्ही बदलता येतात. बोर्डावर काही उडालं तर बोर्डच उडाला.

कर्नल_पॅनिक:
सॉफ्टवेअरची किंमत कुणीच धरत नाहीये, म्हणजे आपल्या रविवारांची.

साध्या पीसीवर कुठल्याही लिनक्सची एकच आयएसओ (इन्स्टॉलची फाइल) पेनड्राइव्हवर टाका, बूट होते, कारण यूईएफआय (मशीन सुरू करणारं सॉफ्टवेअर) सगळीकडे सारखं. पायसारख्या आर्म प्रोसेसरच्या बोर्डांवर तसं नाही. प्रत्येक बोर्डासाठी वेगळी इमेज, वेगळी डिव्हाइस ट्री (हार्डवेअरची यादी). रास्पबेरी पायला हे जाणवत नाही कारण त्यांची ओएस ते स्वतः सांभाळतात आणि त्याबाबत मानलं पाहिजे, २०१२ च्या पहिल्या मॉडेलवरही त्यांची ३२ बिट ओएस अजून चालते. पण "पायपेक्षा स्वस्त आणि दुप्पट ताकद" म्हणून जे बाकीचे बोर्ड दिसतात तिथे जपून. कागदावर त्यांतली आरके३५८८ चिप जबरदस्त आहे, चार ए७६ कोअर आणि वर चार ए५५. पण बनवणाऱ्याने दिलेला कर्नल (लिनक्सचा गाभा) जुना, त्यात हवी ती ड्रायव्हर सोय असते, आणि मुख्य कर्नलवर गेलात की काहीतरी चालत नाही, निदान बरीच वर्षं तशी स्थिती होती. अशा बोर्डांसाठी लिनक्स बनवणारे आर्मबियनवाले जीव तोडून काम करतात म्हणून यातले बरेच बोर्ड जिवंत आहेत. बोर्ड घ्यायच्या आधी किंमत बघू नका, त्याची इमेज शेवटची कधी अपडेट झाली ते बघा.

डॉकर (तयार पॅकेजमधून अ‍ॅपं चालवणारं) वापरणार असाल तर बहुतेक नावाजलेल्या गोष्टी आता ६४ बिट आर्मसाठी मिळतात. एखादीच नेमकी मिळत नाही, आणि आपल्याला तीच हवी असते.

दोन_शून्य:
टीव्हीवर व्हिडिओ बघायचे आहेत म्हणाले आहेत, त्याचं काय? माझ्या पायवर कधी मस्त चालतात कधी अडखळतात.

खटपट्या:
पाय ५ मध्ये एच.२६५ (व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत) उलगडणारा हार्डवेअर डिकोडर आहे, ४के ला ६० फ्रेमपर्यंत. पण जुन्या एच.२६४ चा काढून टाकलाय, तो प्रोसेसरच्या जिवावर चालतो. १०८० ला अडचण येत नाही, प्रोसेसर तेवढा दमदार आहे. खरी गोची एन्कोडरची (व्हिडिओ परत दाबून बनवणाऱ्या हार्डवेअरची), तो पाय ५ ला नाहीच. जेलीफिन (घरचा व्हिडिओ सर्व्हर) लावलंत आणि टीव्हीला फाइल जशीच्या तशी झेपली नाही तर सर्व्हरला तिथल्या तिथे रूपांतर करावं लागतं, तिथे पाय घामाघूम होतो. एन१०० मध्ये इंटेलचं क्विक सिंक (व्हिडिओ रूपांतराचं हार्डवेअर) आहे, एव्ही१ ही नवी पद्धत पण डिकोड करतो, असली कामं तो हसत करतो. टीव्ही सगळ्या फाइल्स थेट चालवत असेल तर मात्र सर्व्हर कुठलाही चालेल, तो नुसता फाइल वाटतो.

वायरमन:
बोर्ड घेणारच असाल तर पॉवरबद्दल. पाय ५ ला ५ व्होल्ट ५ अँपिअर लागतात. घरातला फोनचा किंवा अगदी ६५ वॉटचा लॅपटॉपचा टाइप सी चार्जर लावला तरी तो ५ व्होल्टला सहसा ३ अँपिअरच देतो, जास्तीचे वॉट वरच्या व्होल्टेजवर असतात. ३ अँपिअर मिळाले की बोर्ड सगळ्या यूएसबी मिळून ६०० मिलिअँपिअरच सोडतो. मग यूएसबीची एसएसडी मध्येच गायब होते आणि लोक एसएसडीला शिव्या घालतात. त्यामुळे "चार्जर घरात आहे" म्हणून तो खर्च यादीतून कापू नका.

मेमरी कार्डाचं पण तेच. सतत लिहिणारी कामं, लॉग, डेटाबेस, कार्डाला मारतात. लॉग रॅममध्ये ठेवले तर आयुष्य वाढतं, पण फोटोंचा डेटाबेस कार्डावर ठेवणं म्हणजे स्वतःहून आमंत्रण.

हळुबाई:
माझा ड्रॉवरमधला पाय ३ तारायंत्र यांच्या फोटो सर्व्हरला चालेल का? पोस्टाने पाठवते, घरातली जागा तरी मोकळी होईल.

कर्नल_पॅनिक:
पाय-होलला उत्तम चालेल. फोटोंना नको, पाय ३ चं वायरचं नेटवर्क यूएसबी २.० मधूनच जातं, डिस्कही त्याच वाटेने, दोघं एकमेकांच्या पायात येतात. पाय ४ पासून ते सुटलं. पण पाय-होल ही काही वाईट नोकरी नाही, आरशापेक्षा बरी.

फळा_आणि_खडू:
मुलीसाठी पाय ५०० कुणी सुचवला नाही? कीबोर्डाच्या आतच कॉम्प्युटर, डिसेंबर २०२४ ला ९० डॉलरला आला, ८ जीबी, कार्ड सोबत. पंखा, डबी, कीबोर्ड सगळे खर्च आपोआप गळाले. बोर्डापेक्षा हा हिशोब सरळ आहे. मुलांना तो आपला वाटतो, दप्तरात घालून मैत्रिणीकडे नेतात.

अर्धा_बिट:
आणि त्यावर काही सांडलं की कीबोर्ड आणि कॉम्प्युटर दोन्ही एकदम धुतले जातात. टू इन वन.

दोन_शून्य:
अवांतर: मुलगी मराठी टायपिंग पण करणार असेल ना? रास्पबेरी पाय ओएसवर देवनागरी कसं काय चालतं? मागे एकदा सगळीकडे चौकोन दिसत होते.

कर्नल_पॅनिक:
चौकोन म्हणजे फॉन्ट नाही. डेबियनच्याच भांडारातून नोटो किंवा लोहितचा देवनागरी टाका, पुढे टायपिंगसाठी आयबस आणि एम१७एन, त्यात इनस्क्रिप्ट हा सरकारी कीबोर्डही आहे आणि इंग्रजी स्पेलिंगप्रमाणे टाइप करायचे प्रकारही. पाय काय, पीसी काय, लिनक्सवर सारखंच. फक्त काळ्या स्क्रीनच्या कन्सोलवर जोडाक्षरांची अपेक्षा ठेवू नका, तिथे ती जमत नाहीत. टर्मिनल खिडकीतही कोणती घेता त्यावर आहे, काही ठिकाणी वेलांट्या भलतीकडे जाऊन बसतात.

हळुबाई:
"क्ष" चे तीन तुकडे बघून मी तेव्हा टर्मिनल सोडलं ते सोडलंच.

तारायंत्र:
इतके प्रतिसाद! सगळे वाचले, मधला बेरोजगार बोर्डांचा भाग दोनदा. काही उत्तरं देतो. विंडोज नको आहे. टीव्ही बऱ्यापैकी नवा आहे, फाइल पेनड्राइव्हने दिल्या तर जवळपास सगळ्या थेट चालतात, म्हणजे खटपट्या म्हणतात ते रूपांतराचं फारसं लागणार नाही. फोटोंसाठी एक यूएसबी हार्ड डिस्क आहे, अडीच इंची.

आता डोक्यात असं येतंय की सेकंडहँड छोटा डेस्कटॉप एकच घ्यावा आणि दोन्ही कामं त्याच्यावर टाकावीत. ८ जीबीत होईल ना?

वायरमन:
रॅमचं सोडा, आठवीतली मुलगी दिवसातून चारदा रीस्टार्ट करणार. पाय-होल त्याच्यावर असेल तर तितक्या वेळा सगळ्या घराचं इंटरनेट बंद. घरात तुमची लोकप्रियता किती आहे त्यावर ठरवा.

भंगारवाला_नाही:
एकावर दोन करायचं तर प्रॉक्समॉक्स (एका मशीनमध्ये अनेक चालवणारं) टाकून आत वेगवेगळी मशिनं करता येतात, पण मग मॉनिटर-कीबोर्ड आतल्या मशीनला जोडण्याची खटपट वाढते. शिकायला छान, घरात चालवायला कटकट. वेगळीच ठेवा.

खटपट्या:
जुना लॅपटॉप नाहीये का घरात? कुणीच विचारलं नाही अजून. दिवसरात्र चालू ठेवायच्या कामाला एकदम फिट असतो, रिकामा बसला की १० वॉटच्या आतबाहेर, स्क्रीन बंद करून त्याहून कमी. आणि आतच यूपीएस.

तारायंत्र:
आहे की! स्क्रीनला उभ्या रेघा येतात म्हणून बायकोने सोडलेला. चौथ्या पिढीचा आय३, ४ जीबी रॅम. एवढ्यावर फोटो-बिटो चालतील?

कर्नल_पॅनिक:
चालतील, फक्त फोटोंमधले चेहरे ओळखणारी अ‍ॅपं लावू नका. नुसतं फोनमधून कॉपी करायचं तर सिंकथिंग लावा, दोन मशिनींतले फोल्डर सारखे ठेवणारं, ते हलकं आहे. पाय-होलला तर काहीच लागत नाही. झाकण लावलं की झोपायची सेटिंग मात्र बंद करा, नाहीतर रात्री कुणीतरी नीटनेटकेपणा म्हणून झाकण लावतं आणि सकाळी तुम्ही राउटर बदलायला निघता.

वायरमन:
बॅटरीवर लक्ष ठेवा. कायम १०० टक्के चार्ज आणि गरम जागा, यात लिथियमच्या बॅटऱ्या फुगतात. बायोसमध्ये किंवा लिनक्समध्ये चार्जिंगची मर्यादा ६० ते ८० टक्के करता येत असेल तर करा. टचपॅड वर आलेलं दिसलं किंवा झाकण नीट बसेना तर त्याच दिवशी बंद करून बॅटरी काढा. बऱ्याच मॉडेलांत बॅटरी काढून नुसत्या अडॅप्टरवरही चालतो, मग आतलं यूपीएस गेलं एवढंच. कपाटात, पुस्तकांच्या मागे ठेवू नका.

फळा_आणि_खडू:
म्हणजे मुलीसाठी काय ठरलं?

तारायंत्र:
सेकंडहँड छोटा डेस्कटॉप, आठव्या पिढीचा मिळाला तर तोच. घरात मॉनिटर-कीबोर्ड असल्यामुळे पाय ५०० मधला कीबोर्ड माझ्यासाठी जास्तीचा ठरतोय. त्यासोबत एक पिको घेतो, ताईंचा एलईडी आणि कर्नल_पॅनिक यांचे ४ डॉलर, दोघांचंही राहील. घरी मॉनिटर नसता तर ५०० घेतला असता का, हे मात्र अजून सांगता येत नाही, कारण टीव्ही आहेच.

खटपट्या:
टीव्हीला जोडलेल्या कॉम्प्युटरवर आठवीतली मुलगी पायथन शिकेल हा आत्मविश्वास आवडला.

हळुबाई:
एकाच यूएसबी डिस्कवर फोटो ठेवणार? ती गेली तर? फोनमधले लोक जागा हवी म्हणून लगेच डिलीट करतात, मग ती डिस्क बॅकअप राहत नाही, तीच एकमेव प्रत होते. बोर्ड की पीसी यावर इतकं लिहून झालं, दुसऱ्या डिस्कचा खर्च कुणाच्याच बेरजेत नाही.

भंगारवाला_नाही:
हळुबाईंना अनुमोदन. आणि सिंकथिंग नुसतं लावलं तर फोनमधून डिलीट झालेलं तिकडेही डिलीट होतं, हे आधीच बघा. फोनवर फोल्डर "फक्त पाठव" ठेवा आणि सर्व्हरकडच्या फोल्डरला "डिलीट दुर्लक्षित कर" वाली प्रगत सेटिंग किंवा जुन्या प्रती राखायची सोय चालू करा. दुसरी डिस्क महिन्यातून एकदा जोडायची, कॉपी करायची आणि काढून दुसऱ्या खोलीत ठेवायची. कायम जोडून ठेवलेली दुसरी डिस्क विजेच्या एका झटक्यात पहिलीसोबतच जाते.

तारायंत्र:
दुसरी डिस्क यादीत घातली. वरचा डेस्कटॉप आता आठव्याऐवजी सातव्या पिढीचा होणार असं दिसतंय :)

दोन_शून्य:
एक शंका, वीज जाऊन आली तर पाय आपोआप सुरू होतो. हे जुने डेस्कटॉप, लॅपटॉप होतात का? माझ्याकडे घरी दिवसभर कुणी नसतं.

वायरमन:
डेस्कटॉपच्या बायोसमध्ये वीज परत आल्यावर काय करायचं अशी सेटिंग असते, तिथे "पॉवर ऑन" करा, या ऑफिसवाल्या तिन्ही घराण्यांत ती सापडते. लॅपटॉप थोड्या वेळासाठी बॅटरीवर तग धरतो पण बॅटरी संपून बंद पडला की बऱ्याच मॉडेलांना बटण दाबायला माणूस लागतो. काहींच्या बायोसमध्ये अडॅप्टरला वीज आली की चालू हो असा पर्याय असतो, नसेल तर नेटवर्कवरून उठवायची सोय चालू करून राउटरला ते काम देता येतं का बघा. मॉडेल सांगा, शोधून सांगतो.